पोटचे गेले; दोष कोणाचा?

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण सारे दफनभूमीत जातो. कबरी झाडून काढतो, फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो. अशाच एका वर्षी आमच्या ओळखीच्या एका भगिनीने सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि दुसरी मेणबत्ती हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने ती मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी लावली. “ही कोणासाठी?” असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “माझ्या दोघांसाठी. त्यांना कबर नाही.”

तिचे दोनदा पोट पडले होते. एकदा दोन महिन्यांचे, एकदा तीन महिन्यांचे. घरात त्याविषयी पुन्हा कोणी बोलले नव्हते.

वाचकहो, या पानावर आम्ही भाताचा करपा, काजूची मोहोरगळ, गाईगुरांचे रोग, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर लिहीत असतो. आज ज्याविषयी चार भिंतींच्या आतही हळू आवाजात बोलतात, त्याविषयी लिहीत आहोत. कारण असे की, पोट पडल्यावर गर्भाचा अंश तपासणीला पाठवण्याचा सल्ला आता तालुक्याच्या गावीही काही डॉक्टर देतात. तो कागद हाती आल्यावर बाईच्या मनाचे काय होते, हे तिला कोणी विचारत नाही. आम्ही तिघींना विचारले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांची नावे व गावे आम्ही देणार नाही.

किती जणींना हे दुःख भोगावे लागते?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात २०२१ साली आलेल्या लेखमालेप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भ असे आपोआप गळतात. दिवस गेल्याचे कळलेल्या दर शंभर वेळांपैकी सुमारे १५ वेळा असे होते. म्हणजे रविवारच्या मिस्सेला आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या बायकांतही ज्यांनी हे सोसले आहे अशा काही जणी असतात. त्या सांगत नाहीत एवढेच.

यातील बहुतेक गर्भ पहिल्या तीन महिन्यांत गळतात. आणि इतक्या लवकर गळलेल्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत कारण एकच असते: गुणसूत्रांची चुकलेली संख्या.

गुणसूत्रे म्हणजे काय?

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत दोऱ्यासारखे सूक्ष्म घटक असतात. डोळ्यांचा रंग, हाडांची ठेवण, हृदयाची घडण यांची सारी माहिती त्यांत साठवलेली असते. माणसात ही गुणसूत्रे ४६ असतात, हे स्वीडनमधील लुंड येथे त्यियो आणि लेवान या दोन संशोधकांनी १९५६ साली दाखवून दिले. २३ आईकडून येतात, २३ बापाकडून. बीज तयार होताना वाटणीत चूक झाली की एखादे गुणसूत्र जास्त येते किंवा कमी पडते.

आपण खातो त्या केळ्याला बी नसते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्याचे कारण हेच. या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. केळीला ते चालते, कारण ती मुनव्यांपासून वाढते. माणसाच्या गर्भाला तीन संच पेलत नाहीत. एखाद्याच गुणसूत्राची चूकही बहुधा पेलत नाही. १६ व्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असणे ही गळलेल्या गर्भांत वरचेवर सापडणारी चूक आहे. पेशीपेशीत ही चूक असलेले बाळ जन्मापर्यंत पोहोचूच शकत नाही.

ही चूक होते केव्हा? पुष्कळदा आईचे बीजांड तयार होताना. पण त्या बीजांडाची घडण सुरू होते ती बाई स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना. पुढे वय वाढेल तशी वाटणीत चूक होण्याची शक्यता वाढते, विशेषतः पस्तिशीनंतर. घागर उचलल्याने, लावणीला वाकल्याने, पपई खाल्ल्याने किंवा नवऱ्याशी भांडण झाल्याने गुणसूत्रांची संख्या बदलत नाही. हे वाक्य आमच्या भगिनींनी दोनदा वाचावे, आणि त्यांच्या सासूबाईंनी तीनदा.

“माझे काय चुकले?”

पोट पडल्यावर बाई डॉक्टरांना विचारते, “कशाने झाले?” पण मनात ती वेगळेच विचारत असते: “माझे काय चुकले?” दोन्ही प्रश्न सारखे वाटले तरी ते एक नव्हेत.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १,०८४ स्त्रीपुरुषांना विचारून केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. शंभरातील ६४ जणांना वाटत होते की जड वस्तू उचलल्याने गर्भ पडतो. ७६ जणांना वाटत होते की मनाला धक्का बसल्याने पडतो. ज्यांच्यावर हा प्रसंग आला होता त्यांच्यापैकी शंभरातील ४७ जणांच्या मनात अपराधीपणा होता, आणि ४१ जणांना आपल्या हातून काही तरी चुकले असे वाटत होते. एवढ्या पुढारलेल्या देशात ही गत, तर आपल्या वाड्यावस्तीवरच्या सुनेने काय करावे?

आपल्याकडे बाईला शेत आणि पुरुषाला बी म्हणण्याची जुनी रीत आहे. पीक आले नाही की शेताला नावे ठेवायची. पण कोणता शेतकरी बियाणे न तपासता जमिनीला दोष देतो?

पहिलीची हकिकत

दफनभूमीत भेटलेली ही भगिनी. पहिल्या खेपेस पोट पडले तेव्हा ती जुलैच्या पावसात भात लावत होती. सासूबाई रागीट नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “जरा दमाने घ्यायचे होतेस गं.” हे एक वाक्य तिने दोन वर्षे उराशी धरले. दुसऱ्या खेपेस ती चिखलात उतरली नाही, तरी गर्भ राहिला नाही. या वेळी डॉक्टरांनी गर्भाचा अंश शहरातील प्रयोगशाळेत पाठवला.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. १६ व्या जोडीत एक गुणसूत्र जास्त. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही नऊ महिने पलंगावर झोपून राहिला असता, तरी हे बाळ राहिले नसते.” ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. “पाठीवरचे ओझे उतरले म्हणून रडले,” ती म्हणाली. “पण रात्री पुन्हा रडू आले. तोवर सगळे म्हणत होते की ते बाळ नव्हतेच, नुसता गोळा होता. कागद आला आणि कळले की खरेच कोणी तरी होते.”

ते मूल मुलगा होते की मुलगी, हे तिला जाणून घ्यायचे होते. रिपोर्टात ते लिहिलेले नव्हते. जन्माआधी गर्भाचे लिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी असल्याने आपल्याकडील प्रयोगशाळा गळलेल्या गर्भाच्या रिपोर्टातही ते सहसा लिहीत नाहीत. कायदा योग्य आहे, पण त्या आईला नाव ठेवायचे होते. शेवटी नवराबायकोने मुलालाही चालेल, मुलीलाही चालेल असे एक नाव ठरवले. ते त्या दोघांनाच ठाऊक आहे. रिपोर्ट तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. ते बाळ होते, याचा तिच्याजवळ तेवढाच कागदी पुरावा आहे.

दुसरीची हकिकत

दुसऱ्या भगिनीच्या वाट्याला उत्तरच आले नाही. घाईत गर्भाचा अंश फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातला गेला. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, आणि पेशी वाढवून करायची तपासणी मग होत नाही. प्रयोगशाळेने तसे कळवले. पैसे गेले, आणि दुःख तसेच राहिले. “मी देवावर रागावले नाही, डॉक्टरांवरही नाही,” ती म्हणाली. “त्या बाटलीवर रागावले.”

या भगिनीची हकिकत मुद्दाम सांगितली. तपासणी केली म्हणजे उत्तर मिळेलच असे नाही. कधी पेशी वाढत नाहीत. कधी गर्भाबरोबर आईच्या पेशीही जातात आणि रिपोर्ट खरे तर आईचाच येतो. कधी गुणसूत्रे ४६ च निघतात, सारे ठीक दिसते, आणि बाई पुन्हा म्हणते, “म्हणजे बाळ चांगले होते, मीच वाईट.” असे मुळीच नाही. गुणसूत्रे ठीक निघाली तर थायरॉइड, मधुमेह, गर्भाशयाची ठेवण, रक्तात गाठी होण्याची प्रवृत्ती यांची तपासणी करावी. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. आणि काहीच सापडले नाही तरी आशा सोडू नये. वारंवार गर्भ गळूनही कारण न सापडलेल्या स्त्रियांचा अभ्यास इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. त्यात पुढच्या खेपेस यश येण्याची शक्यता शंभरात ७५ दिसली. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला.

तिसरीची हकिकत

तिसरीचे तीनदा पोट पडले होते. नऊ वर्षे तिने नवससायास केले, गावठी औषधे घेतली, टोमणे ऐकले. शेवटी डॉक्टरांनी नवराबायको दोघांचे रक्त तपासले. तिची गुणसूत्रे ठीक निघाली. नवऱ्याच्या एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला होता, आणि दुसऱ्याचा पहिल्याला.

हे असे समजावे. घरात दोन पोती आहेत, एक भाताचे आणि एक नाचणीचे. दोन्हीतले थोडे थोडे धान्य एकमेकांत गेले. घरातला माल पुराच आहे, काही कमी नाही. म्हणून तो माणूस धडधाकट असतो, नांगर धरतो, त्याला कधी काही जाणवत नाही. पण मुलाला वाटणी देताना एकच पोते गेले, तर एक धान्य जास्त जाते आणि दुसरे कमी पडते. मग गर्भ टिकत नाही. वारंवार पोट पडणाऱ्या शंभर जोडप्यांत तीन-चार जोडप्यांत दोघांपैकी एकाला असे असते. कधी नवऱ्याला, कधी बायकोला.

गुरांतही असे आढळते. स्वीडनमधील तांबड्या-पांढऱ्या जातीच्या गुरांत १ ले आणि २९ वे गुणसूत्र जोडले गेल्याचे १९६४ साली दिसून आले. ती जनावरे दिसायला उत्तम होती, पण गाई भरवल्या तरी काही वेळा उलटत. तिथे असे वळू पैदाशीतून काढून टाकण्यात आले. गोठ्यात हे चालते, पण घरात चालत नाही. नवराबायको एकमेकांना वेदीपुढे दिलेली माणसे आहेत.

आता त्या भगिनीचे ऐका. “नऊ वर्षे मला बोल लावणाऱ्यांच्या तोंडावर तो कागद फेकावा असे आधी वाटले,” ती म्हणाली. “पण घरी आलो तर हे जेवेनात. अंगणात बसून राहिले. मग मी कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवला. दोन महिने कोणाला सांगितले नाही. माझ्यावरचा दोष खोटा होता, तसा यांच्यावरचाही खोटाच की.”

वाचकहो, आम्हाला यापेक्षा मोठे शहाणपण सांगता येणार नाही.

पुढे त्यांना तो कागद बाहेर काढावा लागला. अशी ठेवण घराण्यात चालत येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी दिरालाही तपासून घेण्यास सांगितले होते. दिराचे लग्न ठरत होते. सांगावे तर बोभाटा होणार, न सांगावे तर पाप. शेवटी नवऱ्याने स्वतःच भावाला बाजूला घेऊन सांगितले. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेच्या हाती पहिला चहा दिला. त्या घरात असे पूर्वी झाले नव्हते.

अशा जोडप्यांना मूल होतच नाही असे समजू नये. नेदरलँड्समध्ये वारंवार गर्भ गळलेल्या जोडप्यांचा काही वर्षे पाठपुरावा करण्यात आला, आणि त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात असा बदल होता त्या शंभर जोडप्यांपैकी ८३ जणांना, आणि ज्यांच्यात नव्हता त्यांपैकी ८४ जणांना पुढे किमान एक निरोगी मूल झाले. फरक एकाचा. मात्र मध्ये आणखी एखादा गर्भ गळण्याचे दुःख सोसावे लागू शकते, हे आधीच ठाऊक असावे. आमची ही भगिनी आणि तिचे यजमान अजून वाट पाहत आहेत.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

काही भाविक विचारतात की ही तपासणी पाप तर नव्हे? गर्भ गळून गेल्यावर कारण शोधणे हे पाप नव्हे, आईबापाचे रक्त तपासणे हेही नव्हे. गुणसूत्रांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. जेरोम लेजन हे श्रद्धावान कॅथोलिक होते. मतिमंदत्वाच्या एका प्रकारात २१ वे गुणसूत्र जास्त असते, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५९ साली प्रसिद्ध केले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले. मात्र शरीराबाहेर गर्भ तयार करून, तपासून, नको ते टाकून देण्याची जी पद्धत दवाखान्यात सुचवली जाते, ती ख्रिस्तसभेला मान्य नाही. २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या पत्रकात हे स्पष्ट केले आहे. असा प्रसंग आल्यास घाबरून किंवा लाजून गप्प न बसता धर्मगुरूंशी बोलावे.

आणि त्या बाळांचे काय? बाप्तिस्मा न होता गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या करुणेवर सोपवते. त्यांच्या तारणाची आशा बाळगावी असे धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. बाप्तिस्म्यापूर्वी मरण पावलेल्या बालकासाठी मिस्सेच्या प्रार्थनाही आहेत. मागायला संकोच करू नका.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. एकदाच पोट पडले असेल तर सहसा ही तपासणी लागत नाही. दोन किंवा अधिक वेळा झाल्यास डॉक्टरांना विचारा. तपासणीला काही हजार रुपये लागतात. खर्च आणि उत्तराला लागणारे दिवस आधी विचारून घ्या.

२. पिशवी साफ करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा की गर्भाचा अंश गुणसूत्र तपासणीला पाठवायचा आहे. तो निर्जंतुक सलाइनमध्ये लागतो, फॉर्मॅलिनमध्ये नव्हे. प्रयोगशाळेची स्वतःची बाटली असल्यास तीच वापरावी.

३. रक्त नवराबायको दोघांचेही तपासावे. एकटीला पाठवू नये.

४. रिपोर्ट आणायला दोघांनी मिळून जावे. न समजलेले पुन्हा विचारावे. फोनवर एका ओळीत ऐकून घरी रडत बसू नये.

५. पुढच्या वेळेसाठी खबरदारी म्हणून गरोदर बाईने कीटकनाशकाच्या फवारणीजवळ जाऊ नये, कच्चे दूध पिऊ नये आणि गाभडलेल्या गाईचा वार हाताने उचलू नये. गुरांचा ब्रुसेल्ला रोग माणसालाही लागतो. ही पुढची काळजी आहे. मागच्यासाठी स्वतःला दोष देण्याचे कारण नव्हे.

६. झोप न लागणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दुसऱ्याचे बाळ पाहवत नाही असे होणे, हे महिनोन्‌महिने चालू शकते. लंडन आणि बेल्जियममधील स्त्रियांच्या एका अभ्यासात (२०२०) एक महिन्यानंतर शंभरात २९ जणींना, आणि नऊ महिन्यांनंतरही १८ जणींना मोठ्या आघातानंतर दिसतो तसा मानसिक त्रास होता. त्याला नखरे म्हणू नका. डॉक्टरांना सांगा.

शेवटी घरच्या मंडळींना

रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस ती बाई मनात खटला चालवत असते. आरोपीही तीच आणि न्यायाधीशही तीच. तेव्हा कागदाची वाट पाहू नका. ती दवाखान्यातून घरी येईल त्याच संध्याकाळी सासूने, आईने, नवऱ्याने तिच्याजवळ बसावे आणि म्हणावे, “तुझे काही चुकले नाही.” “होईल गं दुसरे” असे लगेच म्हणू नये. तिला हे हवे होते. “देवाची इच्छा” असेही घाईने म्हणू नये. लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशू आधी रडला, हे आपण जाणतोच.

नवऱ्यालाही दुःख असते. त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो बैल सोडून शेतावर जातो. त्यालाही कोणी तरी विचारावे.

आणि आमची एक विनंती आहे. येत्या २ नोव्हेंबरला दफनभूमीत प्रार्थना होईल तेव्हा ज्यांना नाव नाही, कबर नाही, अशा बालकांसाठीही एक प्रार्थना व्हावी. मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्त्यांसाठी थोडी जागा झाडून ठेवावी. किती भगिनी तिथे येतील, हे पाहून आपल्या सर्वांनाच कळून येईल.